लाल गोंद

बाणाच्या दांडीवर फाळ बसवायला कितीसा वेळ लागतो? नवखा म्हणेल, मिनिटभर. कार्बनच्या तंतूंच्या पोकळ दांडीच्या तोंडात बोटाच्या पेराएवढी ॲल्युमिनियमची बुश चिकटवलेली असते. तिला आतून आटे, फाळाच्या देठाला बाहेरून आटे. पिळला की बसला. टौनो हायकिनेन असल्या माणसाशी वाद घालत नसे. त्याचा बाण घ्यायचा, फाळाचं टोक टेबलावर टेकवायचं आणि दांडी भोवऱ्यासारखी फिरवून सोडायची. सांध्यापाशी बाण जरा जरी थरथरला, की तो आडवा ठेवून द्यायचा.

"काढ. पुन्हा बसव."

एवढंच बोलायचा. स्वतःच्या सहा बाणांना त्याचे दोन दिवस जायचे. आधी आटे स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. मग देठाला नखभर मेण. मग फाळ हातानेच आत घालायचा, खांद्याला खांदा भिडेपर्यंत. भिडला की पाना लावून केसभर आणखी. हा केसभर म्हणजे किती, ते बोटांना कळतं, सांगता येत नाही. कमी पडला तर थोड्या नेमांतच फाळ सैल होतो. जास्त झाला तर बुशच दांडीतला गोंद सोडते. शेवटी दांडी गुडघ्यांत धरायची, पात्यांवर जाड फडकं घ्यायचं आणि ओढून बघायचं. आत काही हललं तर ते हाताला लागतं. डोळ्यांना दिसत नाही.

हे त्याला बापाने शिकवलं. बाप, एमेली हायकिनेन, लोखंडाच्या खाणीत होता. टौनोही मिसरूड फुटायच्या आत त्याच खाणीत उतरला आणि हवेवर चालणारं ड्रिल खांद्याला लावून दगड फोडत राहिला. खालची खाण बंद पडली तेव्हा वर दगड भरडणाऱ्या क्रशरच्या दुरुस्तीवर गेला. धाकटा भाऊ रेनो त्याच्या मागोमाग. सुपीरियर सरोवरापासून आत, देवदारांच्या दलदलीला लागून बापाने रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचं खोपटं बांधलं होतं. त्याला सगळे कॅम्प म्हणत. एक खोली, एक चूल, बाहेर सौनाची, वाफेच्या अंघोळीची, कोठडी. ऑक्टोबरमध्ये धनुष्याने हरणं मारायचा मोसम उघडला की दोघे भाऊ तिथे राहायला जात. खाणीतल्या माणसाला रजा म्हणजे तीच.

कॅम्पचे नियमही बापाचे. ज्याचा बाण त्याने बांधायचा. दुसऱ्याच्या आट्याला कुणी पाना लावायचा नाही. आणि जनावर जखमी होऊन निसटलं, आणि दोष बाणाच्या बांधणीत निघाला, तर त्याने धनुष्य खुंटीला लावायचं. त्या मोसमापुरतं नव्हे, कायमचं.

बाप जिवंत असताना हा शेवटचा नियम चालवायची वेळ आली नाही. टौनोवर आली, आणि तीही रेनोवरच.

रेनो नेमाला टौनोपेक्षा सरस होता. हे टौनोही मान्य करायचा, इतरांच्या पाठीमागे. त्या वर्षी रेनोने एका मादीला बाण मारला. ती दलदलीत गेली आणि हाती लागली नाही. बाण सापडला. फाळ दोन आट्यांवर लोंबत होता. रेनोला कामावरून यायला उशीर झाला होता, त्याने घाईत बांधला होता. टौनोने तो बाण टेबलावर ठेवला आणि खुंटीकडे बोट दाखवलं. रेनो "बरं" म्हणाला आणि धनुष्य टांगलं.

सगळ्यांना वाटलं, पुढच्या वर्षी थोरला विरघळेल. नाही विरघळला. रेनो मात्र दर वर्षी येत राहिला. लाकडं फोडायचा, सौना तापवायचा, चुलीपाशी उभं राहून सगळ्यांना रांधून घालायचा. क्लेरन्स ट्रुडेल, दोघांचा खाणीतला जुना सोबती, एकदा जेवताना म्हणाला, "पुरे की आता, टौनो. देवही इतकी वर्षं राग धरत नाही."

"देवाचा कॅम्प नाही हा," टौनो म्हणाला. "नियम तो नियम. उद्या माझ्या हातून झालं तर मीही टांगीन. सगळ्यांसमोर टांगीन."

रेनो रस्सा ढवळत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

असा हा माणूस. कामात चोख, बोलण्यात कोरडा, आणि आपण चोख आहोत याचा त्याला फार आधार. खाण सुटली, पोरगी मार्लिस लग्न होऊन गेली, गुडघे कुरकुरायला लागले. पण बाण बांधायला बसला की तो पुन्हा तोच टौनो व्हायचा.

मग बोटं गेली.

एकदम नाही गेली. आधी थंडीत पांढरी पडायची. पुढे उन्हाळ्यातही पडायला लागली. मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं नुसती लाकडाची झाली. हलायची, धरायची, पण कळायचं काही नाही. एके दिवशी लेम्पीने, त्याच्या बायकोने, भट्टीतून वेलदोड्याच्या पावाचा ट्रे काढून ठेवला होता. टौनोने तो उघड्या हाताने उचलला आणि सावकाश खिडकीपाशी नेऊन ठेवला.

"अरे, भाजलं ना!" ती ओरडली.

"नाही."

तिने हात धरून उलटा केला. कातडीवर फोड उठत होते.

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं. म्हणाला, ड्रिलच्या हादऱ्यांनी खाल्ली. परत येत नाहीत."

"कधी दाखवलंस?"

"मागच्या हिवाळ्यात."

"आणि मला आज कळतंय. बरोबर आहे. बायको काय, शर्टाची बटणं लावायला ठेवलेली." तिने लोण्याचं बोट फोडांवर जरा जोरातच फिरवलं. "बाण कसे बांधणार आहेस यंदा?"

"बांधीन."

"रेनोला दे बांधायला. तो हूं की चूं करणार नाही."

"ज्याचा बाण त्याने बांधायचा."

"तुझा बाप मातीत जाऊन तीस वर्षं झाली, टौनो. अजून कुणाला भितोस?"

टौनो तळघरात निघून गेला. तो बापाला भीत नव्हता. तो रेनोला भीत होता. बोटांचं त्या चुलीपाशी कळलं, तर उरलेलं सगळं आपोआप होणार होतं. कुणी बोट दाखवायचीही गरज नव्हती. खुंटी समोरच होती.

नेम धरायला बोटं लागत नव्हती. धनुष्याची दोरी तो मनगटाला बांधलेल्या चापाने सोडायचा. अडत होतं ते बांधणीत. मागच्या मोसमात त्याने डोळ्यांवर काम भागवलं. फाळ आणि बुश यांच्यामधून दिव्याचा उजेड दिसतो का ते बघायचं. दिसला नाही, म्हणजे भिडला. पण सरावाच्या वेळी एक फाळ सैल झाला. कुणाच्या लक्षात यायच्या आत त्याने बाण भात्यात सारला. रात्रभर... नव्हे, वर्षभर तो सैल फाळ त्याच्या डोक्यात खुळखुळत राहिला.

यंदा त्याला तोड सुचली. क्रशरच्या ज्या बोल्टांनी कधीच ढिलं व्हायचं नसतं, त्यांना ते लाल गोंद लावायचे. आट्यांवर थेंबभर टाकायचा, बोल्ट पिळायचा, दुसऱ्या दिवशी तो बोल्ट आणि लोखंड एक. टौनोने दुकानातून तसली बाटली आणली. बाणाला कुणी लाल गोंद लावत नाही, कारण पाती बोथट झाली की फाळ काढावा लागतो. टौनोला काढायचाच नव्हता. त्याला फक्त तो बसलेला राहायला हवा होता.

सहाही बाण त्याने बांधले. दुसऱ्या दिवशी एकेक फिरवून पाहिला. पाच स्थिर उभे फिरले. सहावा थरथरला. आट्यांत कुठे तरी कचरा राहिला असणार. पूर्वी बोटांनी तो तिथल्या तिथे पकडला असता.

दुसरा कुणी असता तर तो बाण बाजूला टाकून पाचांवर मोसम काढला असता. टौनोच्या हातून टाकवेना. कामात राहिलेली चूक तशीच ठेवून झोपणारा तो नव्हता. लाल गोंद उष्णतेशिवाय सुटत नाही हे त्याला क्रशरवरून ठाऊक होतं. त्याने गॅसची छोटी बत्ती पेटवली, फाळाच्या देठावर आंच धरली, पान्याने रेटला. सुटला. आटे घासून साफ केले, नवा थेंब टाकला, पुन्हा बसवला. वाळू दिला. फिरवला तेव्हा बाण असा उभा राहिला की जणू फिरतच नाही.

क्रशरच्या बोल्टाला आंच दिली तर खाली लोखंडच असतं. इथे फाळाच्या खाली बुश होती, आणि बुश दांडीत ज्या गोंदाने धरलेली होती तो साधा, वितळवून लावायचा गोंद. आंच देठातून बुशीत उतरली आणि तो गोंद आतल्या आत जळाला. टौनोने शेवटची परीक्षाही घेतली. दांडी गुडघ्यांत धरली, फडकं घेतलं, ओढलं. बुश आत कणभर हलली असेल. हाताने त्याला काहीच सांगितलं नाही.

त्याने तो बाण भात्यात सगळ्यांत पुढे ठेवला. ज्याच्यावर दुप्पट मेहनत झाली, तो दुप्पट भरवशाचा. आयुष्यभर तो असंच मानत आला होता, आणि खाणीत ते खरंही होतं.

मोसम उघडण्याच्या आदल्या दुपारी कॅम्पवर सगळ्यांनी बाण टेबलावर मांडले. ही तिथली रीत. टौनो, क्लेरन्स आणि मार्लिसचा नवरा ग्लेन. रेनो चुलीपाशी. ग्लेन रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवायचा. मनाने सरळ, हाताने धसमुसळा. टौनोने त्याचा बाण फिरवला.

"हा काय खुळखुळा आणलायस का, पाळण्यात टांगायला?"

"दुकानात बसवून दिला त्यांनी," ग्लेन म्हणाला. "ते म्हणाले, एकदम पक्का आहे."

"दुकानदार येणार आहे का तुझ्यासोबत मचाणावर?"

क्लेरन्स हसला. "जावई आहे तो, टौनो. जरा गोडीत घे. उद्या म्हातारपणी तुला तोच भरवणार आहे."

"बाण सरळ बांधेल त्या दिवशी त्याच्या हातचं खाईन. काढ रे. पुन्हा बसव."

ग्लेन निमूटपणे पाना शोधायला लागला. रेनो कॉफीची किटली घेऊन टेबलाशी आला. कप भरता भरता त्याची नजर टौनोच्या बाणांवर थांबली. एका सांध्यावर तांबूस ओघळ राहिला होता.

"लाल?" त्याने हळू विचारलं.

"हो."

"मग काढणार कसा?"

"काढायचाच नाही."

रेनोने टौनोच्या बोटांकडे पाहिलं. कप गरम होता आणि टौनोने तो कानाला न धरता सगळ्या पंजाने धरला होता. मग तो किटली चुलीवर ठेवायला गेला.

पहिल्या सकाळी नर आला. वारा दलदलीकडून होता, टौनोचा वास मागे जात होता. आठ टोकांच्या शिंगांचा, मानेने भरलेला. मचाणापासून इतका जवळ की त्याच्या नाकपुड्यांतली वाफ दिसत होती. टौनोने पहिला बाण लावला, ओढला, चाप दाबला.

बाण सुटताच त्याला कळलं. बाणाचं शेपूट हवेत नाचलं. सरळ निघालेला बाण असं कधी करत नाही. फुप्फुसाच्या जागी लागायचा तो पुढे सरकून खांद्यात लागला. लाकडावर कुऱ्हाड आपटावी तसा आवाज झाला. नर उडाला, झुडपांत घुसला, दांडी एकदा फांद्यांना अडकून खडखडली आणि मग सगळं शांत झालं.

घाईने मागे लागलं तर जनावर दूर पळतं. म्हणून टौनो वरच बसून राहिला, मग कॅम्पवर गेला आणि सगळ्यांना घेऊन आला. रक्ताचा माग काढण्यात रेनोसारखा कुणी नव्हता, तेवढं काम त्याच्याकडे राहिलं होतं. तो पुढे. टौनो त्याच्या मागे. ग्लेन आणि क्लेरन्स डावीकडच्या उंचवट्यावरून.

रेनो मध्येच थांबला. शेवाळात दांडी पडली होती. त्याने ती उचलली, तोंड आपल्याकडे वळवलं. फाळ नव्हता. बुशही नव्हती. दांडीचं तोंड पोकळ होतं आणि आत काळा, जळका गोंद चिकटलेला होता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा नाकाशी नेला.

टौनो मागे उभा होता. त्याचे पाय शेवाळात रुतत होते.

मग रेनोने दांडी गुडघ्यावर घेतली आणि तोंडाकडचा वीतभर भाग कडकन मोडला. मोडलेला तुकडा बुटाने काळ्या पाण्यात दाबला. तो खाली जाईपर्यंत बूट तसाच ठेवला. आणि ओरडला, "इकडे या! बाण सापडला. मोडलाय."

दोघे धावत आले. क्लेरन्सने दांडी हातात घेतली. टोकाला नुसते तंतू पिंजारलेले.

"फांदी आली असणार मध्ये," रेनो म्हणाला. "फांदीला लागून फिरला आणि खांद्यावर मोडला."

"फांदीपुढे कोण काय करणार," क्लेरन्स म्हणाला आणि त्याने टौनोच्या पाठीवर थाप मारली. "निदान तुझ्या बांधणीला कुणी बोल लावणार नाही. तुझा फाळ सैल निघाला असता तर मी आजच बाप्तिस्मा पुन्हा घेतला असता."

ग्लेन हसला. टौनोने तोंड उघडलं. रेनो त्याच्याकडे बघत नव्हता. तो वाकून पुढचा थेंब शोधत होता. टौनोने तोंड मिटलं.

रक्त देवदारांच्या मुळांतून पुढे गेलं, पातळ झालं आणि पाण्यापाशी संपलं. ते दुपारपर्यंत फिरले. नर मिळाला नाही.

परतल्यावर क्लेरन्स आणि ग्लेन सौनात गेले. रेनो गाजरं चिरत होता. टौनो दारात उभा राहिला. वाटेत त्याने मनात शब्द जुळवले होते. भावाने पोटात घातलं, इतक्या वर्षांचं सगळं पोटात घातलं, असं त्याला वाटत होतं. असल्या गोष्टीला काय म्हणायचं असतं ते त्याला येत नव्हतं, पण म्हणायची त्याची तयारी होती.

"का केलंस?" त्याने विचारलं.

"काय केलं?"

"मी बघितलं."

"बघितलंस तर विचारतोस कशाला? ती मिठाची बरणी दे."

टौनोने बरणी दिली. "मी जाऊन सांगतो त्यांना. नियम आहे."

"नियमाचं मला नको सांगूस. मी एकोणीस वर्षं त्याच्यावरच रस्सा शिजवतोय."

"म्हणून तर. धनुष्य टांगतो मी. आत्ता."

"टांग." रेनोने सुरी खाली ठेवली. "आणि उद्या सकाळी? दोघे निघून गेले की तू कुठे बसणार?"

"इथे."

"इथे कुठे?"

टौनोने खोलीत नजर फिरवली. एक चूल. एक फळी. चुलीपाशी एक स्टूल, रेनोच्या बसण्याने मध्ये खोलगट झालेलं.

"ही जागा माझी आहे," रेनो म्हणाला. "मी मागितली नव्हती, तू दिलीस. आता सवय झाली. पहाटे तुम्ही जाता, दुपारपर्यंत हे खोपटं माझं असतं. वर्षात तेवढेच दिवस मला बरे जातात. त्यात तू समोर बसून उसासे टाकणार. 'रेनो, चुकलो रे,' म्हणणार. नको. मला नाही ऐकायचं."

"मी तसं..."

"म्हणणारच होतास. दारात उभा राहिलास तेव्हाच तोंडावर लिहिलेलं होतं."

टौनोच्या कानांपाशी तापलं. सौनातून पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला, मग क्लेरन्सचं ओरडणं आणि ग्लेनचं हसणं.

"मग तू घे धनुष्य," टौनो म्हणाला. "मचाण माझं घे. मी त्या दोघांना सांगतो, आजपासून तो नियम संपला म्हणून."

रेनोने उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथेच अडकला. "इथून वर जात नाही. सहा-सात वर्षं झाली. फळीवरचा डबा काढायला मी स्टुलावर चढतो. तुला दिसलं नाही कधी?"

टौनोला दिसलं नव्हतं. त्या हातचं तो दर मोसमात जेवला होता.

"मग मी करू काय?" टौनोने विचारलं.

"जे करत आलास तेच. सकाळी ऊठ, मचाणावर जा, दुपारी ये, जेव. लोक तुला टौनो हायकिनेन म्हणतात, म्हणू दे." रेनोने पुन्हा सुरी उचलली. "फक्त जनावरांवर आता बाण सोडू नकोस. त्यांनी तुझं काही वाकडं केलेलं नाही."

संध्याकाळी जेवताना ग्लेनने स्वतःचा बाण पुढे केला. "बघा, पुन्हा बसवला." टौनोने तो फिरवला. डोळ्यांना ठीक दिसला. "चालेल," तो म्हणाला. ग्लेनचा चेहरा पोरासारखा उजळला, आणि टौनोने मान खाली घालून पाव मोडला.

तो रोज मचाणावर जायचा. धनुष्य मांडीवर आडवं, बाण भात्यात. माद्या यायच्या, मचाणाखाली आमिष म्हणून टाकलेली सफरचंदं खाऊन जायच्या. त्याला वाटलं होतं की असं बसणं कठीण जाईल. तितकं नाही गेलं. माणूस कशालाही सरावतो.

मोसम संपत आला होता. पहिलं बर्फ नुकतंच भुरभुरून गेलं होतं. देवदारांतून नर आला. टौनोने शिंगं ओळखली. आठ टोकं. तो तीन पायांवर चालत होता. पुढचा डावा पाय नुसता लोंबत होता. खांद्यावर केस झडून काळं, ओलं भोक होतं आणि भोवती मांस सुजून वर आलं होतं. इतके दिवस तो ते लोखंड आत घेऊन फिरत होता. बरगड्या मोजता येत होत्या. मचाणाखाली येऊन तो थांबला. मान खाली घातली. सफरचंद हुंगलं, पण खाल्लं नाही.

अशा जनावराला सोडून देणारा माणूस त्या जंगलात माणसांत धरला जात नाही. यात नियमाचा प्रश्न नव्हता, लहान पोरालाही हे कळतं. रेनो काहीही म्हणाला असला तरी हे त्याच्या म्हणण्यात येत नव्हतं, आणि टौनोला ते ठाऊक होतं. भात्यात पाच बाण होते. त्या पाचांना आंच लागलेली नव्हती. ते सरळ होते. अंतर इतकं थोडं होतं की आंधळ्यानेही मारला असता.

टौनोने एक बाण काढला. दोरीवर लावला. चाप अडकवला.

मग त्याच्या डोळ्यांपुढे सोलण्याचं लाकूड आलं. नर मेला की तो कॅम्पवर ओढून न्यायचा, उलटा टांगायचा, सोलायचा. सोलायचं काम क्लेरन्सचं. क्लेरन्सची सुरी खांद्यापाशी गेली की लोखंडाला लागणार. तो बोटं घालून फाळ बाहेर काढणार. फाळाच्या बुडाला घट्ट बसलेली बुश, बुशीवर काळा जळका गोंद, आट्यांपाशी लाल ओघळ. मग त्याला फांदीची गोष्ट आठवणार. तो मूर्ख नव्हता.

नर खाली उभा होता. कान हलत होते. एकदा त्याने वर पाहिलंसं वाटलं, पण तो वारा घेत होता.

टौनोने दोरी अर्धी ओढली. खांदे अजून चांगले होते. तो तसाच थांबला, हात कापायला लागेपर्यंत. मग दोरी सावकाश पुढे सोडली, चाप काढला, बाण भात्यात घातला. त्याने स्वतःला सांगून पाहिलं की बोटांचा भरवसा नाही, म्हणून. पण चापाला बोटं लागत नव्हती. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याची केसभर चूक सोडली नाही, त्याला स्वतःला फसवायची सवय नव्हती. जमलं नाही.

नर बऱ्याच वेळाने, लंगडत, पाण्याच्या बाजूला गेला. तिकडे लांडगे होते.

दुपारी टौनो कॅम्पवर आला. बूट झटकले. टेबलाशी बसला.

"काही आलं?" ग्लेनने विचारलं.

"नाही."

"वर झोपत असशील रे," क्लेरन्स म्हणाला. "तुझ्या मचाणाखालून ताजे ठसे गेलेत. आत्ताच बघून आलो मी. तीन पायांचे. आणि तुला नर दिसला नाही?"

चुलीपाशी पळी थांबली.

"नाही दिसला," टौनो म्हणाला.

क्लेरन्सने ग्लेनकडे पाहून डोळा मारला. म्हातारपण, असं त्या डोळ्यात होतं. ग्लेन हसला नाही. त्याने सासऱ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि भाकरीसारखा जाड पाव त्याच्याकडे सरकवला.

रेनोने चार ताटल्या वाढल्या. तीन टेबलावर ठेवल्या. चौथी घेऊन तो दाराबाहेर गेला आणि थंडीत, लाकडांच्या ढिगावर बसून एकटाच जेवला.